कालयंत्रांतील बीटल्स

भविष्यकाळाच्या गोष्टी लिहिणाऱ्या लेखकापुढें एक अडचण नेहमीं उभी असते. पांचशें वर्षांनंतरच्या जगांत विमानें कशीं असतील, नगरें कशीं असतील, माणसें काय खातील आणि काय नेसतील, याविषयीं त्याला कल्पनेचे घोडे मनमुराद दौडवितां येतात; परंतु त्या माणसांना आजच्या जगापैकीं काय आठवत असेल, हें सांगण्याची वेळ आली कीं त्याची लेखणी अडखळते. यंत्रांविषयींचा अंदाज चुकला तर वाचक हंसून सोडून देतो. स्मृतीविषयींचा अंदाज मात्र आपल्या काळाची किंमत ठरविणारा असतो. कोण टिकेल आणि कोण विसरला जाईल, याचा तो निवाडाच होय. म्हणून बहुतेक लेखक सावधगिरीनें होमर, शेक्सपियर, न्यूटन अशीं सर्वमान्य नांवें तेवढीं घेतात आणि समकालीनांच्या वाटेला जात नाहींत.

१९६५ सालीं इंग्लंडांत एका दूरचित्रवाणी-मालिकेनें हें धाडस केलें, आणि तेंहि विनोदाच्या भरांत. ती मालिका 'डॉक्टर हू', आणि ज्यांचें नांव तिनें पंचविसाव्या शतकापर्यंत पोंचविलें ते गायक म्हणजे 'बीटल्स'. तो सारा प्रसंग जेमतेम एखाद्या मिनिटाचा. त्या वेळीं तो कोणीं फारसा मनावर घेतला नसेल. आज साठ वर्षांनंतर पाहतां त्यांतील भविष्यकथन बरेंचसें खरें ठरलेलें दिसतें. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, त्या प्रसंगासाठीं ज्या चित्रणाची उसनवारी केली होती तें मूळ चित्रणच पुढें नाहींसें झालें. आणि त्याचा जेवढा तुकडा या अद्भुतकथेंत शिरला होता, तेवढाच काय तो शिल्लक राहिला. कल्पित कथेनें खरा इतिहास आपल्या पोटांत जपून ठेविल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

'डॉक्टर हू' ही मालिका बी. बी. सी.नें १९६३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २३ तारखेस, शनिवारीं सायंकाळीं सुरू केली. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता. साऱ्या जगाचें चित्त तिकडे लागलेलें असल्यामुळें पहिला भाग पुष्कळांनीं पाहिलाच नाहीं, आणि पुढील शनिवारीं तो पुन्हां दाखवावा लागला. मालिकेच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुण बाई होत्या. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. हे मूळचे आपल्याकडील. त्यांचा जन्म १९३८ सालीं लखनौ येथें झाला, आणि लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. विलायतेंतील घराघरांतून पुढें दोन पिढ्या ज्या कथेवर वाढल्या, तिच्या आरंभीं लखनौच्या एका तरुणाचा हात होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मालिकेची मूळ कल्पना मोठी शाळामास्तरी थाटाची होती. डॉक्टर नांवाचा एक गूढ वृद्ध गृहस्थ काळांतून व अवकाशांतून प्रवास करतो. त्याचें वाहन बाहेरून पाहिलें तर रस्त्यावरच्या निळ्या पोलिस-पेटीसारखें, आंत मात्र अफाट. त्याच्याबरोबर त्याची नात सुझन, आणि तिच्या शाळेंतील दोन शिक्षक. बार्बरा इतिहास शिकविणारी, इयन विज्ञान शिकविणारा. भूतकाळाच्या सफरींतून मुलांना इतिहास कळावा आणि भविष्यकाळाच्या सफरींतून विज्ञान, अशी ही योजना. पुढें राक्षसी यंत्रमानवांनीं ती बरीचशी मागें सारली, परंतु सुरुवातीच्या कथांत शिक्षणाचा हा हेतु स्पष्ट दिसतो.

पहिल्याच भागांत संगीताचा एक लहानसा प्रसंग आहे. सुझन शाळेच्या वर्गांत बसून हातांतल्या ट्रान्झिस्टरवर त्या काळचें लोकप्रिय गाणें ऐकत असते. तें गाणें ज्यांचें म्हणून सांगितलें जातें, तो 'जॉन स्मिथ अँड द कॉमन मेन' हा संच मात्र कल्पित आहे. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत, २२ नोव्हेंबरला, बीटल्सची दुसरी दीर्घ तबकडी इंग्लंडांत विक्रीस आली होती आणि साऱ्या देशांत त्यांच्याच नांवाचा डंका वाजत होता. तरीहि मालिकेनें खरें नांव घेतलें नाहीं. एका परीनें तेंच सुरक्षित होतें. कल्पित गायक जुने होत नाहींत, कारण ते कधीं नवे नसतात.

याच भागांत दुसरी एक गंमत आहे. वर्गांत पैशांचा हिशेब करतांना सुझन इंग्लंडांत दशमान पद्धति चालू आहे असें समजते, आणि लगेच ती अजून सुरू व्हावयाची आहे हें ध्यानांत येऊन ओशाळते. इंग्लंडांत दशमान नाणें खरोखर सुरू झालें तें १९७१ च्या फेब्रुवारींत. म्हणजे आरंभापासूनच या मालिकेला एक खोड होती. पुढें काय होईल तें एखाद्या पात्राच्या तोंडून, चुकून बोलून गेल्यासारखें, वदवून घ्यावयाचें. बीटल्सच्या बाबतींतहि हीच युक्ति उपयोगांत आली.

आतां १९६५ सालाकडे वळूं. लिव्हरपूलच्या या चार तरुणांनीं, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार यांनीं, तोंवर इंग्लंड व अमेरिका दोन्ही पालथ्या घातल्या होत्या. मुली त्यांच्या मैफलींत इतका आरडाओरडा करीत कीं गाणें ऐकूं येणें कठीण होई. वडील मंडळींचें मत असें कीं, ही दोन-चार वर्षांची साथ आहे. आली तशी जाईल. १९६५ च्या जून महिन्यांत राणीच्या सरकारनें त्यांना एम. बी. ई. हा सन्मान जाहीर केला, तेव्हां युद्धांत पराक्रम करून तोच सन्मान मिळविलेल्या कांहीं गृहस्थांनीं आपलीं पदकें रागारागानें परत पाठविलीं. मात्र सर्वच जाणत्या लोकांचें मत प्रतिकूल नव्हतें. लंडनच्या 'टाइम्स' पत्राचे संगीतसमीक्षक विल्यम मान यांनीं १९६३ च्या अखेरीसच लेनन व मॅकार्टनी यांच्या स्वररचनेची गंभीरपणें वाखाणणी केली होती, आणि त्या लेखाची पुष्कळांनीं थट्टाहि केली होती. एकूण, हे गाणारे टिकतील कीं नाहीं हा त्या काळीं खराखुरा वादाचा प्रश्न होता.

या वातावरणांत १९६५ च्या २२ मे रोजीं 'द चेस', म्हणजे 'पाठलाग', या कथेचा पहिला भाग प्रसारित झाला. लेखक टेरी नेशन, दिग्दर्शक रिचर्ड मार्टिन. डॉक्टरांच्या भूमिकेंत विल्यम हार्टनेल. सुझन आतां मालिकेंत नव्हती. तिच्या जागीं व्हिकी नांवाची मुलगी आली होती. ती पंचविसाव्या शतकाच्या अखेरीची. आधींच्या कथेंत डॉक्टर व त्यांची मंडळी एका परग्रहावरील वस्तुसंग्रहालयांत अडकली होती. तेथून निघतांना त्यांना एक यंत्र भेट मिळालें. काळाच्या कोणत्याहि क्षणीं कोठेंहि घडलेली गोष्ट या यंत्राच्या पडद्यावर पाहतां येते. महाभारतांत संजयाला जी दिव्यदृष्टि मिळाली होती ती दूरच्या स्थळापुरती होती. या यंत्राला स्थळ आणि काळ दोहोंचीहि आडकाठी नाहीं.

यंत्र सुरू होतें आणि प्रत्येकजण आपल्या मनाजोगा क्षण मागतो. इयन अब्राहम लिंकन यांचें १८६३ सालचें गेटिसबर्ग येथील भाषण मागतो. बार्बराला एलिझाबेथ राणीचा दरबार पहावयाचा आहे. तेथें शेक्सपियरहि हजर असतो. नंतर व्हिकीची पाळी येते, आणि पडद्यावर एकदम १९६५ सालचे बीटल्स 'टिकेट टु राइड' हें गाणें गात उभे राहतात. इयन व बार्बरा यांच्या दृष्टीनें तें त्यांच्याच काळचें गाणें. ते ताल धरतात. व्हिकी मात्र चकित झालेली. लिव्हरपूल येथील या गायकांचें स्मारक-नाट्यगृह आपण पाहिलें आहे, पण ते 'क्लासिकल' संगीत वाजवीत असत हें आपणांस ठाऊक नव्हतें, अशा अर्थाचे तिचे उद्गार आहेत.

या विनोदाची घडण बारकाईनें पाहण्यासारखी आहे. वरवर पाहतां त्यांत पोरीच्या अज्ञानाची थट्टा आहे. आदल्या महिन्यांत बाजारांत आलेलें गाणें, आणि ही त्याला अभिजात म्हणते! परंतु थट्टेचें दुसरें टोंक पाहणाऱ्याकडे वळलेलें आहे. तिच्या अज्ञानाचें मूळ पांचशें वर्षांच्या अंतरांत आहे, आणि एवढ्या अंतरावरून पाहतां सर्वच जुनें संगीत एका रांगेंत बसतें. लिंकन, शेक्सपियर आणि बीटल्स एकापाठोपाठ एक दाखविण्यांतहि हाच अर्थ आहे. शेक्सपियरची नाटकें आज पाठ्यपुस्तकांत आहेत. त्याच्या हयातींत तीं थेम्स नदीकांठच्या गर्दीसाठीं लिहिलेलीं होतीं. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां तिकिटें काढून येणारा प्रेक्षक करमणुकीसाठींच येत होता. पुढें तींच नाट्यपदें शास्त्रीय मैफलींतून मानानें गाइलीं जाऊं लागलीं. अभिजातपणाचा शिक्का रचनेवर जन्मतःच उमटलेला नसतो. पुष्कळदां तो काळाच्या हातून, फार उशिरां, उमटतो. व्हिकीच्या एका वाक्यांत नेमका हाच सिद्धांत आहे. फक्त तो हंसत हंसत मांडला आहे.

या प्रसंगाची मूळ योजना याहून महत्त्वाकांक्षी होती असें सांगतात. बीटल्सनीं स्वतः मालिकेंत यावें, पण तरुण म्हणून नव्हे. तीसएक वर्षांनंतरचे चार वृद्ध म्हणून, पांढऱ्या केसांचा वेष करून, आणि आपल्या जुन्या गाण्यांचा सोहळा साजरा करावा. ही कल्पना त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांना मान्य झाली नाहीं आणि ती तेथेंच राहिली. त्या काळीं ही एक साधी व्यावसायिक अडचण असेल. आज तिच्याकडे पाहतांना मन थोडें थबकतें. एप्स्टाइन स्वतः १९६७ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं वारले. १९७० सालीं संच फुटला. १९८० च्या ८ डिसेंबरला जॉन लेनन यांची न्यूयॉर्क येथें हत्या झाली; तेव्हां ते ४० वर्षांचे होते. २००१ च्या नोव्हेंबरमध्यें जॉर्ज हॅरिसन कर्करोगानें गेले. चार वृद्ध बीटल्स एका रंगमंचावर उभे राहण्याचें चित्र वास्तवांत कधींच घडावयाचें नव्हतें. तें चित्र कथेंतहि निघालें नाहीं, हें एका अर्थीं बरेंच झालें म्हणावयाचें.

प्रत्यक्ष कलावंत मिळाले नाहींत, तेव्हां मालिकेच्या चालकांनीं सोपा मार्ग पत्करला. बी. बी. सी.च्याच 'टॉप ऑफ द पॉप्स' या साप्ताहिक संगीत-कार्यक्रमासाठीं बीटल्सनीं १९६५ च्या १० एप्रिल रोजीं लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओंत हें गाणें चित्रित करून दिलें होतें, आणि १५ एप्रिलला तें प्रसारित झालें होतें. त्यांतील कांहीं सेकंदांचा तुकडा घेऊन तो यंत्राच्या पडद्यावर बसविला. तेवढ्यानें काम भागलें. परंतु या साध्या उसनवारीचें महत्त्व पुढें असें वाढलें कीं, ज्यांनीं ती केली त्यांना स्वप्नांतहि तें वाटलें नसतें.

त्याचें कारण समजण्यासाठीं त्या काळच्या दूरचित्रवाणीची रीत जाणून घेतली पाहिजे. कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होत. ही फीत फार महाग असे. आणि तिचा मोठा गुण असा कीं, जुनें पुसून तिच्यावर नवें मुद्रण करतां येई. कलावंतांच्या संघांशीं झालेल्या करारांमुळें एखादा कार्यक्रम पुन्हां पुन्हां दाखवितां येत नसे. घरोघरीं चित्रफिती विकतां येतील अशी कल्पनाहि नव्हती. पुढें १९६७ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झालें, तेव्हां काळ्यापांढऱ्या कार्यक्रमांची उरलीसुरली किंमतहि गेली. तेव्हां कपाटांत पडलेली फीत म्हणजे अडकून पडलेलें भांडवल, असें मानून हजारों कार्यक्रम पुसण्यांत आले. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. पाटीवर गणित सोडवून झालें कीं मूल पाटी पुसतें, तितक्याच सहजपणें हें काम चाले.

'टॉप ऑफ द पॉप्स'च्या पहिल्या काहीं वर्षांपैकीं अगदीं थोडे भाग आज उपलब्ध आहेत. १५ एप्रिल १९६५ चा भाग त्यांत नाहीं. १६ जून १९६६ रोजीं बीटल्स त्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष येऊन गाइले. तोहि भाग पुसला गेला, आणि २०१९ सालीं घरच्या पडद्यावरून कोणी हौशी माणसानें लहान कॅमेऱ्यानें टिपलेलीं मूक दृश्यें तेवढीं उजेडांत आलीं. तीं मिळालीं तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्यांचे मथळे केले. ज्या संचाच्या तबकड्या जगांत कोट्यवधींनीं खपल्या, त्याची ही स्थिति. मग लहानसहान कलावंतांचें काय झालें असेल याची कल्पना करावी.

'डॉक्टर हू'ची कथाहि फारशी वेगळी नाहीं. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकीं नव्वदाहून अधिक भाग नाहींसे झाले. परंतु या मालिकेचें एक भाग्य असें कीं, परदेशीं विकण्यासाठीं तिच्या फिल्म-प्रती काढल्या जात. पडद्यासमोर चलच्चित्राचा कॅमेरा ठेवून चाललेला कार्यक्रम फिल्मवर उतरवावयाचा, आणि त्या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नायजेरिया अशा दूरदूरच्या देशांत पाठवावयाच्या. मूळ फिती पुसल्या गेल्या तरी यांपैकीं कांहीं प्रती टिकल्या. २०१३ सालीं सुद्धां नायजेरियांतून दोन कथांचे हरवलेले भाग मिळाले. 'पाठलाग' या कथेचे सहाही भाग अशा प्रतींच्या रूपानें शाबूत आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्या यंत्राच्या पडद्यावरचे बीटल्सहि. ज्या कार्यक्रमाचा उद्देश त्यांचें गाणें दाखविणें हा होता तो गेला. ज्या कथेनें त्यांचा एक चुटका म्हणून उपयोग केला ती राहिली. संग्रहालयाकडून भेट मिळालेलें तें लांकडी खोटें यंत्र शेवटीं खरेंच एक संग्रहालय ठरलें.

याच मालिकेंतील दुसरा प्रसंग याच्या उलट बाजूचा आहे. १९६७ च्या २० मे रोजीं 'द ईव्हिल ऑफ द डालेक्स' या कथेचा पहिला भाग दाखविला गेला. त्यांत डॉक्टर व त्याचा सोबती लंडनच्या एका कॉफीगृहांत बसलेले असतां पार्श्वभूमीला बीटल्सचें 'पेपरबॅक रायटर' हें गाणें चालू असतें. येथें गाण्याला कथेंत कांहीं अर्थ नाहीं. काळ आजचा आहे एवढें सुचविणें हेंच त्याचें काम. या सात भागांच्या कथेपैकीं एकच भाग, दुसरा, चित्ररूपानें उरला आहे. पहिल्या भागाचें चित्र गेलें, परंतु ध्वनि राहिला. तो राहिला घरोघरच्या श्रोत्यांमुळें. कांहीं तरुण चाहते दर शनिवारीं दूरचित्रवाणी-संचाजवळ आपलें ध्वनिमुद्रण-यंत्र ठेवून भाग मुद्रित करून घेत. त्यांनीं तें केवळ पुन्हां ऐकण्याच्या हौसेनें केलें. आज हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनि ऐकावयास मिळतो तो याच हौसेच्या पुण्याईनें. सरकारी सनदेनें चालणाऱ्या प्रचंड संस्थेला जें जमलें नाहीं, तें बैठकीच्या खोलींत बसलेल्या शाळकरी मुलांनीं केलें.

जपणुकीचा प्रश्न सुटला तरी मालकीचा प्रश्न उरतो. १९६५ सालीं एका कार्यक्रमाचा तुकडा दुसऱ्यांत घेणें ही घरांतल्या घरांतली बाब होती. पुढें बीटल्सच्या गाण्यांचे हक्क जगांतील अत्यंत मोलाच्या मालमत्तेपैकीं एक होऊन बसले. २०१० सालीं 'पाठलाग' ही कथा अमेरिकेंत चित्रतबकडीवर प्रसिद्ध झाली, तेव्हां नेमका बीटल्सचा तुकडा त्यांतून वगळावा लागला. काळानें ज्याला हात लावला नव्हता, त्याला कायद्यानें कात्री लावली. दोन्ही गोष्टींचा परिणाम पाहणाऱ्याच्या दृष्टीनें सारखाच.

या कथेचा अगदीं अलीकडचा अध्याय २०२४ चा आहे. त्या वर्षीं ११ मे रोजीं 'द डेव्हिल्स कॉर्ड' हा भाग प्रसारित झाला. लेखक रसेल टी. डेव्हिस. यांत डॉक्टर व त्याची सोबतीण १९६३ च्या ११ फेब्रुवारीला लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रण-गृहांत जातात. ही तारीख खरी आहे. त्या एका दिवसांत बीटल्सनीं आपल्या पहिल्या दीर्घ तबकडीसाठीं दहा गाणीं मुद्रित केलीं होतीं. कथेंत मात्र ते एका कुत्र्याविषयीं रटाळ, निर्जीव गाणें म्हणत असतात. कारण 'माएस्ट्रो' नांवाच्या एका दुष्ट शक्तीनें जगांतलें सारें संगीत गिळून टाकलें आहे. संगीत गेल्यामुळें माणसांतली सहृदयताहि गेली, आणि पुढील जग युद्धांत भस्म होणार आहे. अखेरीस त्या शक्तीला हटविणारी योग्य स्वरसंगति लेनन आणि मॅकार्टनी यांच्याच हातून पियानोवर वाजते.

या भागांत बीटल्सचें एकहि खरें गाणें नाहीं. हक्कांचें मोल परवडण्यासारखें नव्हतें. लेखकानें मोठ्या चातुर्यानें ही उणीव कथेचा विषयच करून टाकली. गाणीं वापरतां येत नाहींत, तर मग गाणीं चोरीस गेलेलीं जगच दाखवूं! १९६५ सालीं गाणें होतें पण गायक मिळाले नाहींत. २०२४ सालीं गायकांचीं सोंगें मिळालीं पण गाणें मिळालें नाहीं. मधल्या साठ वर्षांत जगाच्या व्यवहारांत काय बदल झाला, हें या दोन प्रसंगांना शेजारीं ठेवलें म्हणजे न सांगतां कळून येतें.

आतां व्हिकीच्या भविष्यकथनाचा हिशेब करूं. तिच्या उद्गारांत दोन विधानें होतीं. पहिलें, लिव्हरपूलमध्यें बीटल्सचें स्मारक असेल. ज्या कॅव्हर्न क्लबच्या तळघरांत ते प्रसिद्धीस आले, तो १९७३ सालीं आगगाडीच्या कामासाठीं बंद करून बुजविण्यांत आला. पुढें शहराला आपली चूक उमगली, आणि १९८४ सालीं त्याच रस्त्यावर तो पुन्हां बांधण्यांत आला. १९९० सालीं त्यांच्या जीवनाचें संग्रहालय उघडलें. पॉल मॅकार्टनी आणि जॉन लेनन यांचीं बालपणचीं घरें 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेनें ताब्यांत घेऊन जपलीं आहेत. २००१ सालीं विमानतळाला लेनन यांचें नांव दिलें गेलें, आणि २०१५ सालीं नदीकांठीं चौघांचे पुतळे उभे राहिले. दुसरें विधान, बीटल्सचें संगीत अभिजात मानलें जाईल. २००९ सालीं लिव्हरपूल होप विद्यापीठानें आणि २०२१ सालीं लिव्हरपूल विद्यापीठानें त्यांच्या अभ्यासाचा पदव्युत्तर क्रम सुरू केला. जें घडण्यास पांचशें वर्षें लागतील असें विनोदानें सुचविलें होतें, तें पन्नासएक वर्षांतच घडलें.

आणि त्या यंत्राचें काय? तेंहि थोडेंबहुत खरें झालें आहे. १९७० च्या दशकांत लेनन यांनीं घरीं पियानोवर बसून एक अपुरें गाणें साध्या फितीवर मुद्रित केलें होतें. पियानोच्या आवाजांत त्यांचा स्वर इतका बुडून गेला होता कीं, त्याचा उपयोग करणें कठीण होतें. १९९५ सालीं उरलेल्या तिघांनीं प्रयत्न करून तो सोडून दिला. पुढें गणकयंत्राला स्वर ओळखावयास शिकवून तो पियानोपासून वेगळा काढण्याची युक्ति साधली. त्यांत १९९५ चें हॅरिसन यांचें वादन मिळवून, मॅकार्टनी व स्टार यांनीं २०२३ च्या नोव्हेंबरमध्यें 'नाउ अँड देन' हें गाणें प्रसिद्ध केलें. ज्या चार माणसांना एका रंगमंचावर वृद्धपणीं उभें करण्याचा बेत १९६५ सालीं फसला होता, ते चौघे अशा रीतीनें एका गाण्यांत तरी पुन्हां एकत्र आले. दोघे हयात, आणि दोघे काळाच्या पलीकडून.

मात्र असल्या यंत्रालाहि मूळ फीत लागते. न्यूयॉर्कच्या घरांत ती अपुऱ्या गाण्याची फीत जपून ठेविली नसती, तर कोणतेंहि यंत्र त्यांतून स्वर काढूं शकलें नसतें. पुसलेल्या फितीवरून कांहींच परत येत नाहीं. डॉक्टरांच्या कथेंतील यंत्राला काळाच्या कोणत्याहि क्षणापर्यंत पोंचतां येतें. खऱ्या जगांतील यंत्र कोणींतरी ठेवलेल्या वस्तूपर्यंतच पोंचतें. म्हणून ठेवणाऱ्याचें काम हें कल्पना लढविणाऱ्याच्या कामाहून कमी मोलाचें नाहीं.

इतिहासाचा एक मोठा भाग राजांच्या आज्ञेनें किंवा विद्वानांच्या दक्षतेनें टिकलेला नाहीं. कोणाच्या हौसेनें, कोणाच्या आळसानें, कोणाच्या विनोदबुद्धीनें तो टिकला. हिशेबाच्या वह्या, जुनीं पत्रें, उत्सवांच्या पत्रिका, घरच्या ट्रंकेच्या तळाशीं पडलेल्या फिती यांतून पुढच्या पिढ्यांना आपला काळ दिसणार आहे. यांतलें काय मोलाचें ठरेल हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं. १९६५ सालीं तें बी. बी. सी.लाहि सांगतां आलें नाहीं. व्हिकीला लिव्हरपूलचें नाट्यगृह माहीत होतें, आणि गाणें माहीत नव्हतें. स्मारक उभारलें आणि गाणें हरविलें, अशी वेळ पुढच्या माणसांवर येऊं नये, एवढी काळजी घेणें हें मात्र प्रत्येक पिढीच्या हातचें आहे.